उरल्या कापडातली भेट

कापडाला कात्री लावण्यापूर्वी ते तीन वेळा बेतून पाहावे, हा नियम वडिलांनी मला घालून दिला आणि मी तो आजतागायत निष्ठेने पाळत आलो आहे. परदेशातील आगगाडीचा पास निवडतानाही मी हाच नियम पाळला. त्यायोगे काय साधले आणि काय हुकता हुकता राहिले, त्याची ही हकीगत.

आम्ही उभयता शिवणकामाचे दुकान चालवतो. बेतणे, कापणे आणि मशीन मारणे माझ्याकडे. काजे, बटणे, तुरपाई आणि गिऱ्हाइकाला गोड बोलून आठ दिवस थांबवणे आमच्या मंडळींकडे. गेल्या वर्षी मुलीने आणि जावयाने आम्हाला विमानाची तिकिटे आणून दिली. बारा दिवस परदेश पाहून या, म्हणाले. तेथील राहणे, खाणे आणि फिरणे आमचे आम्ही करायचे होते. त्या देशात पाहण्याजोगी चार शहरे असल्याचे जावईबापूंनी सांगितले. त्यांची नावे आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही त्यांना आमची नावे दिली. पहिले विमानाचे, दुसरे पुलांचे, तिसरे घड्याळांचे आणि चौथे राजवाड्याचे.

परंतु मंडळींच्या मनात ह्यातले एकही शहर नव्हते. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन त्याच देशात गेली, त्याला एकोणीस वर्षे झाली होती. तेथे एका लहानशा बंदराच्या गावी तिचे कपडे धुण्याचे व इस्त्रीचे दुकान होते. आधी नवऱ्याच्या आजारपणामुळे तिचे इकडे येणे राहिले आणि त्याच्या पश्चात दुकान एकटीवर पडल्यामुळे राहिले. दर रविवारी दोघी बहिणी फोनवर तासभर बोलत. फोन ठेवल्यानंतर अर्धा तास मंडळी सुईत दोरा ओवायला घेत नसत, कारण नेढे दिसत नसे. मीही त्या वेळी मुद्दाम मशीनवर बसून आवाज करी.

सहलीचे ठरले त्या दिवशी मंडळी एवढेच म्हणाल्या, "चार शहरं बघा, नाहीतर चाळीस बघा. मला धाकटी भेटली पाहिजे. बाकी तुम्ही न्याल तिथं मी पिशवी घेऊन येते."

मी शब्द दिला.

आता प्रश्न आगगाडीचा होता. जावईबापू एका मोठ्या कचेरीत कामाला आहेत आणि कोणतीही गोष्ट घेताना तिचा सर्वांत मोठा आकार घेण्याची त्यांना सवय आहे. त्यांनी संगणकावर एक पास काढून दाखवला. पंधरा दिवस, वाटेल ती गाडी, वाटेल तितक्या वेळा. म्हणाले, बाबा, हा घेतला की डोके चालवण्याचे कामच नाही. मी म्हणालो, जावईबापू, डोके न चालवता आमच्या धंद्यात फक्त पोते शिवता येते. मुलगी हसली. जावईबापूही हसले, परंतु जरा उशिरा.

मी त्यांच्याकडून सगळ्या गाड्यांचे दर आणि सगळ्या प्रकारच्या पासांच्या किमती एका कागदावर उतरवून घेतल्या. रविवारी दुपारी दुकान बंद करून मी खाकी कागदाचा ताव कापण्याच्या टेबलावर पसरला. आकडे माझ्या डोक्यात फार वेळ टिकत नाहीत. लांबी मात्र मला डोळे मिटूनही कळते. म्हणून मी प्रत्येक भाड्याची एक पट्टी कापली. जितके भाडे, तितकी पट्टी लांब. विमानाच्या शहरापासून पुलांच्या शहरापर्यंतची पट्टी अंगठ्याएवढी निघाली. तेथून घड्याळांच्या शहराची वीतभर झाली. तेथून राजवाड्याची वीत आणि वर चार बोटे. आणि राजवाड्याहून परत विमानाच्या शहरापर्यंतची चांगली हातभर.

त्यानंतर पासांच्या पट्ट्या कापल्या. पंधरा दिवसांच्या पासाची पट्टी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू लागली, तेव्हाच तिचा निकाल लागला. दुसरा पास महिन्यातून कोणतेही पाच दिवस वापरण्याचा होता आणि तिसरा कोणतेही तीन दिवस वापरण्याचा. मी तीन लांब प्रवासांच्या पट्ट्या टोकाला टोक लावून ठेवल्या आणि त्यांच्याखाली तीन दिवसांच्या पासाची पट्टी ठेवली. पास दीड वीत आखूड भरला. त्याचा अर्थ तितका फायदा. अंगठ्याएवढ्या पट्टीचा प्रवास पासात घालणे म्हणजे रुमालासाठी अख्खे ठाण फाडणे. त्याचे सुटे तिकीट काढावे हे उघड होते. वेगवान गाड्यांना पास असूनही जागा राखण्याचे पैसे वेगळे पडत, म्हणून मी गावोगाव थांबत जाणाऱ्या गाड्या निवडल्या. आम्हाला तेथे कोणाच्या लग्नाची वेळ गाठायची नव्हती.

राहिली धाकटी. बंदराच्या गावी मुद्दाम जाऊन राहायचे तर पाच दिवसांचा पास लागत होता. आम्ही बाजूला टाकलेल्या रकमेची मी टेबलावर खडूने एक रेघ ओढली होती. पाच दिवसांची पट्टी त्या रेघेच्या बाहेर चार बोटे जात होती. मी ती तीन वेळा फिरवून ठेवली. पट्टीच ती, आखूड कशी होणार?

तेव्हा मी पासाचे नियम पुन्हा वाचायला घेतले आणि मला एक ओळ सापडली. पासाचा एक दिवस म्हणजे त्या तारखेच्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत. तेवढ्या अवधीत कितीही गाड्यांत चढावे, कितीही वेळा उतरावे. मी नकाशा पाहिला. बंदराचे गाव घड्याळांच्या शहरातून राजवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवरून थोडेसेच बाजूला होते. सकाळी निघायचे, अकरा वाजून दहा मिनिटांनी धाकटीच्या गावी उतरायचे, तीन पंचवीसच्या गाडीने पुढे निघून दिवे लागायच्या आत राजवाड्याच्या शहरी पोहोचायचे. सगळे एकाच दिवसात, त्याच पासावर. एका पँटच्या कापडात पँट बेतून वर लहान मुलाची बंडीही निघावी, तसा मला आनंद झाला.

मी हाक मारून मंडळींना सांगितले की, धाकटी बसली. त्यांनी तोंडातली टाचणी काढली आणि कितीतरी वेळ नुसत्या हसत राहिल्या. धाकटीच्या वाट्याला किती वेळ आला आहे, हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही. सव्वाचार तास, हा आकडा त्या चेहऱ्यासमोर उच्चारणे माझ्याच्याने झाले नाही. पुढे सांगू, असे म्हणत मी तो विषय पुढे ढकलला. धाकटीला मात्र एकदा परस्पर फोन करून दोन्ही गाड्यांच्या वेळा कळवल्या. ती म्हणाली, "बरं, भाऊजी." एवढेच.

पास घरी आला. दोघांना मिळून एकच घडीचे पुस्तक होते. आत रकाने होते. तारीख, कोठून, कोठे, किती वाजता. प्रत्येक गाडीत चढण्यापूर्वी ते भरायचे होते. मी एका बैठकीत सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरून टाकले, आणि शिसपेन्सिलीने भरले. त्यात मला काही वावगे वाटले नाही. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाची तारीख वहीत नेहमी पेन्सिलीने लिहितात. कपडा ट्रायलला जाऊन आला, कोठे ओढत नाही, कोठे फुगत नाही हे पाहिले, की मग त्यावर शाई फिरवायची. कापडावरही आधी खडू, मग धावदोरा, मग टीप. ट्रायलच्या आधी शाई वापरणाऱ्या माणसाला आम्ही शिकाऊ म्हणतो.

सहलीचे पहिले दिवस सुखात गेले. पुलांच्या शहरात मंडळींनी सतरा पूल मोजले आणि अठरावा मी पाहिला असून त्यांनी पाहिला नाही यावरून दोन दिवस वाद चालला. पासाच्या पहिल्या दिवशी गाडीतील तपासनिसाने आमचे पुस्तक उघडून न पाहताच त्यावर ठप्पा मारला. घड्याळांच्या शहरात दर तासाला चहूकडून टोले पडत. मंडळी म्हणाल्या, इथे कोणी दुकानात कपडा द्यायला उशीर करत नसेल, आपला इथे निभाव लागायचा नाही.

सहलीच्या आठव्या दिवशी सकाळी आम्ही सामान घेऊन बंदराच्या गाडीत बसलो. मंडळींनी नवी साडी नेसली होती आणि दर दहा मिनिटांनी पदराची पिन सारखी करत होत्या. धाकटीला आधी काय सांगायचे, नंतर काय सांगायचे, ह्याची त्यांची उजळणी चालली होती. आमच्या समोरच्या बाईचा कॅन्सर, शेजारच्यांचे घर, मुलीच्या सासूचे स्वभाववर्णन. मी मनात हिशेब केला. नुसते सासूचे प्रकरण दोन तासांचे होते. आता सांगावेच, असे ठरवून मी घसा खाकरला, तोच डब्याच्या दारातून तपासनीस आली.

ती साठीच्या घरातली, उंच आणि धीम्या चालीची बाई होती. तिने आमचे पुस्तक घेतले, चष्मा कपाळावर चढवला, आणि बोटाने अक्षरावर हलकेच घासून पाहिले. बोटाला शिसे लागले. तिने ते बोट मला दाखवले. मला तिची भाषा येत नव्हती आणि तिला माझी. परंतु दुकानात येणाऱ्या परगावच्या गिऱ्हाइकांमुळे मला जी थोडीशी परभाषा येते, तीच तिलाही थोडीशी येत होती. तिचे म्हणणे मला समजले. पेन्सिलीने लिहिणे म्हणजे न लिहिणे. रोज खोडून रोज नवी तारीख घालणारे लोक असतात. नियमाप्रमाणे दोघांचे पूर्ण भाडे आणि वर दंड.

मंडळींनी माझ्याकडे असे पाहिले की तो दंड मला कमी वाटावा.

मी खिशातून खडू काढला. तो माझ्या खिशात असतोच, परदेशातही होता. मी माझ्या बाहीवर एक रेघ ओढली. मग बोटांची कात्री करून दाखवली आणि मान हलवली, की इतक्यात नाही. मग मंडळींच्या पदराची पिन दाखवून लांब लांब टाके घातल्याची खूण केली. मग कोट अंगात घातल्यासारखे करून, आरशासमोर वळून पाहिल्यासारखे केले. आणि मग कोठे मशीनचा आवाज तोंडाने काढून शाईची खूण केली. पलीकडच्या बाकावरचा म्हातारा वर्तमानपत्र खाली ठेवून पाहू लागला. तपासनिसाचे ओठ हलले. तिने पुस्तक खिडकीच्या उजेडात धरून कागद तिरपा करून पाहिला. कोठे खोडल्याची खूण नव्हती. पहिल्या दिवसाच्या ओळीवर रीतसर ठप्पा होता. आजची तारीख आजचीच होती. आम्ही काही लाटलेले नाही, हे तिच्या ध्यानात आले.

तिने आपल्या खिशातले पेन काढून माझ्या हातात दिले. तिचे म्हणणे असे की, आत्ता, तिच्यासमोर, जो प्रवास खरोखर करणार त्यावर शाई फिरवावी. जो करणार नाही, तो खोडून टाकावा. त्यासाठी तिने खोडरबरही पुढे केले.

मी आजची तारीख शाईने लिहिली. घड्याळांच्या शहरापासून बंदरापर्यंतच्या ओळीवर शाई फिरवली. त्याच्या खालच्याच ओळीवर पेन नेले. तपासनिसाने ती ओळ पाहिली, मग वरची पाहिली, आणि सहज विचारावे तसे दोन्ही वेळांवर बोट ठेवून विचारले, इथे उतरायचे, आणि लगेच इथून जायचे?

मंडळींना भाषा समजली नाही. परंतु आकडे त्यांना माझ्यापेक्षा चांगले वाचता येतात. त्या वाकल्या. अकरा दहा. तीन पंचवीस. त्यांनी बोटांवर मोजले. मोजून झाल्यावर बोटे तशीच धरून राहिल्या.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या.

मी सगळे सांगितले. पाच दिवसांची पट्टी, रेघेबाहेरची चार बोटे, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा नियम. किती खुबीने बेतले हेही सांगू लागलो. परंतु सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

"एकोणीस वर्षांनी जातेय मी," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही माझ्या बहिणीला उरल्या कापडात बसवलंत होय?"

चाळीस वर्षांच्या धंद्यात माझ्या बेतण्याला इतके अचूक नाव कोणी ठेवले नव्हते. पेन माझ्या हातात होते आणि त्याचे टोक कागदापासून केसभर वर होते. तपासनीस उभी होती. म्हातारा पाहत होता. मी राजवाड्याच्या ओळीकडे पाहिले. तेथे तीन रात्रींची खोली जावईबापूंनी ठरवून ठेवली होती, आणि त्या राजवाड्याला म्हणे तीनशे खिडक्या होत्या.

मंडळींनी माझ्या हातातले पेन काढून घेतले नाही. त्यांनी तपासनिसाच्या हातातले खोडरबर घेतले आणि माझ्यासमोर धरले.

"ट्रायल झाली," त्या म्हणाल्या. "काखेत ओढतंय."

मी खोडले. तीन पंचवीस खोडले, राजवाडा खोडला. शेवटच्या दिवसाच्या ओळीत 'राजवाड्याहून विमानाच्या शहरी' असे होते. तीही अख्खी खोडली. तपासनिसाला मी विचारले की, त्या दिवशी बंदराहून तिकडे जाता येईल काय. ती म्हणाली, सकाळची गाडी आहे, एकदा बदलावी लागते, पासाचा तोच एक दिवस पुरतो. मग ती ओळ आधी भरून ठेवू नका, त्या सकाळी भरा आणि शाईने भरा, असे बजावून तिने आजच्या ओळीवर ठप्पा मारला. जाताना तिने माझ्या बाहीवरची खडूची रेघ झटकली आणि मंडळींना काहीतरी म्हणाली. ते आम्हा दोघांनाही समजले नाही, परंतु मंडळी बंदर येईपर्यंत त्यावर हसत होत्या.

त्याच वेळी माझ्या ध्यानात आले की, पासाचे दिवस तितकेच लागले. तीनच. धाकटीला पाहुणचाराचे तीन दिवस द्यायला पट्टी एका बोटानेही लांबवावी लागली नव्हती. मी बंदराच्या वाटेने जायला नव्हे, तर चार शहरे बसवायला बेतत होतो. म्हणून ते मला दिसलेच नाही. हे मी मंडळींना सांगितले. त्या म्हणाल्या, "आता तरी गप्प बसा."

गाडीतूनच जावईबापूंना फोन केला. खोली रद्द करा, म्हणालो. ते राजवाड्याविषयी बराच वेळ बोलले. एका रात्रीचे पैसे परत मिळणार नाहीत, असेही म्हणाले. मग मुलीने त्यांच्या हातातून फोन घेतला, काय झाले ते विचारले, आणि ऐकून इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

बंदराच्या गावी फलाट लहान आहे. धाकटी फलाटावर नव्हती. मंडळींचा चेहरा उतरला. आम्ही सामान ओढत रस्त्यावर आलो, तर समोरच्याच रांगेतल्या एका दुकानातून ती इस्त्रीचे फडके हातात घेऊन धावत येत होती. गाडी आज दोन मिनिटे आधी आली होती, असे तिने नंतर शपथेवर सांगितले. त्या वेळी दोघी रस्त्याच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि एक मोटार त्यांच्यासाठी थांबून राहिली. मोटारवाल्याने भोंगा वाजवला नाही. मी सामान कडेला घेतले आणि दुसरीकडे पाहत उभा राहिलो.

दुकानाच्या दाराला एक पाटी टांगलेली होती. मी धाकटीला तिचा अर्थ विचारला. ती म्हणाली, चार दिवस दुकान बंद, असे लिहिले आहे.

मी चकित झालो. म्हणालो की, मी तर तुला तीन पंचवीसची गाडी कळवली होती.

"हो, भाऊजी. कळवली होती," ती म्हणाली. "पण मी ताईला ओळखते. गाडी जाईल, ती जायची नाही."

मग चहा झाला. मग जेवण झाले. इस्त्रीच्या मोठ्या टेबलाभोवतीच आम्ही बसलो होतो, कारण घरातले टेबल एका माणसापुरते होते. समोरच्या बाईचे प्रकरण संपून शेजारच्यांचे घर सुरू झाले होते. दोघी एकाच वेळी बोलत आणि दोघींनाही दुसरीचे सगळे ऐकू येत होते. हा प्रकार मी फोनवर एका बाजूने एकोणीस वर्षे ऐकला होता. दोन्ही बाजूंनी आज प्रथमच ऐकत होतो. धाकटी हसताना मान मागे टाकते, मंडळीही तशीच टाकतात, हे फोनवर कसे कळावे?

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी समोरच्या फलाटावरून गाडी निघाली. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि टांगलेले कपडे सगळे एकदम हलले.

"गेली?" मंडळींनी विचारले.

"गेली," धाकटी म्हणाली.

मंडळींनी मुलीच्या सासूला सुरुवात केली. पहिले वाक्य पुरे करून त्या मध्येच थांबल्या आणि टेबलाखाली पाहू लागल्या. मी खुर्चीच्या कडेवर, पाय जवळ घेऊन, पिशवीचा बंद हाताला गुंडाळून बसलो होतो. सकाळपासून तसाच होतो, माझ्या लक्षात आले नव्हते.

"अहो," त्या म्हणाल्या, "बूट काढा आता."

मी पिशवी खाली ठेवली आणि बुटांच्या नाड्या सोडल्या.